लेटरहेडवरचं पत्र फाइलीसाठी लिहावं

कुठल्याही कार्यालयात पत्र घेऊन गेलात की आवक टेबलावरचा कर्मचारी ते वाचत बसत नाही. तो पाच गोष्टी शोधतो: पाठवणारा कोण, पत्र कोणाला, पत्राचा क्रमांक काय, तारीख काय आणि विषय काय. त्याच्या आवक नोंदवहीतले रकाने साधारण तेवढेच असतात. गोव्यातलं पर्वरीचं सचिवालय असो, म्हापशाची नगरपालिका असो, नाहीतर एखाद्या बँकेची मडगाव शाखा असो, पद्धत हीच. यातली एखादी गोष्ट सापडली नाही तर तो अंदाजाने काहीतरी लिहितो, आणि तीन महिन्यांनी तुम्ही चौकशीला गेलात की तुमचं पत्र त्या अंदाजाखाली दडलेलं असतं.

पत्र नीट वाचलं जातं एकदाच, पण फाइलीत ते वर्षानुवर्षं राहतं. त्याची झेरॉक्स निघते, झेरॉक्सची झेरॉक्स निघते, स्कॅन होतं, कोपऱ्यात भोक पाडून टॅगमध्ये ओवलं जातं. मधल्या काळात टेबलावरचा माणूस बदलतो आणि ज्याने तुम्हाला कधी पाहिलेलं नाही असा अधिकारी ते उघडतो. लेटरहेड छापताना आणि पत्र टाइप करताना हा अधिकारी डोळ्यांसमोर ठेवावा. कागद, रंग, समास, मजकूर हे सगळे निर्णय मग सोपे होतात.

कायद्याने काय छापावं लागतं

इथे बहुतेक लोक डिझायनरवर विसंबतात आणि डिझायनरला कायदा माहीत नसतो. कंपनी असेल, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड किंवा लिमिटेड, तर कंपनी कायदा २०१३ च्या कलम १२ प्रमाणे प्रत्येक व्यावसायिक पत्रावर, बिलावर आणि नोटिशीवर कंपनीचं नाव, नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता, सीआयएन (कंपनीचा ओळख क्रमांक) आणि दूरध्वनी क्रमांक हवाच. ईमेल, वेबसाइट आणि फॅक्स असतील तर तेही हवेत. चूक चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला १,००० रुपये दंड आहे, जास्तीत जास्त १ लाखापर्यंत, आणि तो कंपनीवर तसाच जबाबदार अधिकाऱ्यांवरही. गेल्या दोन वर्षांत कंपनीचं नाव बदललं असेल तर जुनं नावही नव्या नावासोबत द्यावं लागतं. एकाच सदस्याची कंपनी असेल तर नावाखाली कंसात ‘वन पर्सन कंपनी’ असं लिहिणं बंधनकारक आहे.

सीआयएन २१ अक्षरांचा असतो. त्यात पहिलं अक्षर कंपनी शेअर बाजारात नोंदलेली आहे की नाही हे सांगतं, पुढचे पाच अंक उद्योगाचे, मग दोन अक्षरं राज्याची, चार अंक स्थापनेच्या वर्षाचे, तीन अक्षरं कंपनीच्या प्रकाराची आणि शेवटचे सहा अंक नोंदणीचे. गोव्यात नोंदलेल्या कंपनीच्या सीआयएनमध्ये ‘जीए’ येतं. नोंदणीकृत कार्यालय मुंबईला असलेल्या कंपनीच्या सीआयएनमध्ये ‘एमएच’ असतं, आणि इथेच एक चूक नेहमी होते. पणजीची शाखा स्वतःचं लेटरहेड छापते, त्यावर फक्त पणजीचा पत्ता टाकते आणि नोंदणीकृत कार्यालय विसरते. शाखेचा पत्ता खुशाल मोठा छापावा, पण तळाला ‘नोंदणीकृत कार्यालय’ म्हणून मुंबईचा पूर्ण पत्ता हवाच. जीएसटी क्रमांक मात्र शाखेच्या राज्याचा घ्यायचा. गोव्याचा जीएसटी क्रमांक ३० ने सुरू होतो आणि महाराष्ट्राचा २७ ने. पणजीच्या पत्त्याशेजारी २७ चा क्रमांक दिसला की समोरचा लेखापाल तिथेच थांबतो.

एलएलपी, म्हणजे मर्यादित दायित्वाची भागीदारी, असेल तर तिच्या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे नाव, नोंदणीकृत पत्ता, नोंदणी क्रमांक आणि ‘मर्यादित दायित्वासह नोंदणीकृत’ अशा अर्थाचं विधान लागतं. हे शेवटचं विधान बहुसंख्य लेटरहेडांवर नसतं. तळाच्या ओळीत ते सहज मावतं, तेव्हा टाकून द्यावं.

मालकीची दुकानं आणि भागीदारी संस्था यांना लेटरहेडबद्दल इतकी बंधनं नाहीत. जीएसटी क्रमांक कर बिलावर सक्तीचा आहे, साध्या पत्रावर नाही. तरी तो छापावा, कारण पुरवठादार आणि बँका तोच आधी पाहतात. १५ अक्षरांतली तिसऱ्यापासून पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन असतो, त्यामुळे पॅन वेगळा छापायची गरज उरत नाही.

काय छापू नये हेही तितकंच महत्त्वाचं. बँक खात्याचा क्रमांक छापू नये; खातं बदललं की जुना साठा घातक होतो आणि चुकीच्या हातात गेलेला कागद फसवणुकीला उपयोगी पडतो. माणसांची नावं शक्यतो टाळावीत. देवस्थानांच्या लेटरहेडवर अध्यक्ष, मुखत्यार, खजिनदार आणि चिटणीस यांची नावं डाव्या बाजूला उभी छापायची जुनी सवय आहे. समिती बदलली की तो सगळा कागद रद्दी, आणि रद्दी करायला कोणाचं मन होत नाही म्हणून जुनी नावं पेनाने खोडून पत्रं जातात. पद छापा, नाव सहीखाली टाइप करा. अशोकस्तंभाचं राजचिन्ह खाजगी लेटरहेडवर वापरणं २००५ च्या कायद्याने निषिद्ध आहे. ‘सरकारमान्य’ आहोत म्हणून ते छापता येत नाही.

पत्त्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं. गोव्यातल्या गावांत घर क्रमांक आणि वाडा एवढ्यावर भागत नाही, कारण देऊळवाडा नावाचे वाडे कितीतरी गावांत आहेत. घर किंवा दुकान क्रमांक, इमारत, वाडा, गाव, तालुका, गोवा आणि पिन, हा क्रम मोडू नये. पिन पत्त्याच्याच ओळीत हवा: पणजी ४०३ ००१, मडगाव ४०३ ६०१, म्हापसा ४०३ ५०७, फोंडा ४०३ ४०१, वास्को ४०३ ८०२. इंग्रजीतला पत्ता नोंदणीच्या दाखल्यावर ज्या स्पेलिंगात आहे त्याच स्पेलिंगात द्या. दाखल्यावर एक आणि लेटरहेडवर दुसरं असलं की बँकेचं केवायसी तिथेच अडतं. लँडलाइन दिलात तर ०८३२ सकट द्या.

कागद, शाई आणि आपला पावसाळा

आकार ए४, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. फुलस्केप किंवा लीगल आकाराचं लेटरहेड अजूनही काही जण मागतात. ते घेऊ नका, स्कॅनरच्या काचेवर मावत नाही आणि तळाची ओळ कापली जाते.

जाडी ९० ते १०० जीएसएम (चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) पुरे. रोजचा झेरॉक्स कागद ७० ते ८० चा असतो, त्याहून हा हाताला वेगळा लागतो आणि मागची छपाई पुढे दिसत नाही. १२० च्या वर गेलात की तीन घड्या नीट बसत नाहीत. ए४ कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो, म्हणून १०० जीएसएमचं एक पान सव्वासहा ग्रॅम भरतं. पाच पानं आणि पाकीट धरलं तरी स्पीड पोस्टच्या ५० ग्रॅमच्या पहिल्या टप्प्यात बसतं.

रेघारेघांचा, कापडासारखा पोत असलेला कागद दिसायला देखणा असतो, पण लेझर प्रिंटरचा टोनर त्याच्या खाचांत नीट चिकटत नाही आणि घडीवर अक्षरं सुटतात. गुळगुळीत एक्झिक्युटिव्ह बाँड घ्यावा. उठावदार छपाईचं नावही लेझरच्या कामाचं नाही. प्रिंटरच्या आतला तापलेला रोलर १८० ते २०० अंशांच्या आसपास असतो, त्यात ती उठावाची राळ वितळते, रोलरला लागते आणि पुढच्या प्रत्येक पानावर तिची सावली उमटते. ऑफसेटवर छापून आणलेले गठ्ठेही लगेच लेझरमध्ये घालू नयेत, शाई काही दिवस वाळू द्यावी. छापखान्यात ऑर्डर देतानाच ‘हे लेझरमधून जाणार आहे’ असं सांगावं, म्हणजे ते शाई तशी घेतात.

जून ते सप्टेंबर इथली हवा ओलीच असते आणि कागद ती पितो. ओला कागद कडांना वळतो, दोन-दोन पानं एकदम ओढली जातात, प्रिंटर अडकतो आणि छपाई फिकट येते, कारण ओलसर कागदावर टोनर नीट ओढला जात नाही. उपाय साधे आहेत. रीमचं वेष्टन आतून मेणाचा किंवा प्लास्टिकचा थर असलेलं असतं, ते पूर्ण फाडू नका. आठवड्याला लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये ठेवा, बाकीची वेष्टनात गुंडाळून झाकणाच्या प्लास्टिक डब्यात आडवी ठेवा. जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून गठ्ठे ठेवू नयेत. ट्रेमधली पानं वळलीच असतील तर गठ्ठा उलटा करून पाहा, पण छापील लेटरहेडला वर-खाली आणि पुढची बाजू असते, तेव्हा आधी साध्या कागदावर बाणाची खूण करून प्रिंटर कोणत्या बाजूला छापतो ते पाहून घ्या. ही खूण ट्रेवरच चिकटवून ठेवली की पुढे कोणी लेटरहेडच्या पाठीवर पत्र छापत नाही.

रंग कमी ठेवावेत. फिकट राखाडी किंवा फिकट निळ्या अक्षरांतला पत्ता मूळ प्रतीत सुंदर दिसतो आणि दुसऱ्या झेरॉक्सला नाहीसा होतो. नाव रंगीत असू द्या. पत्ता, सीआयएन आणि जीएसटी क्रमांक काळ्या किंवा गडद निळ्यात, ८ पॉइंटपेक्षा लहान नको. पानाच्या मध्यभागी बोधचिन्हाचा मोठा वॉटरमार्क मला अजिबात पटत नाही. तो कितीही हलका ठेवला तरी स्कॅनमध्ये मजकुरामागे डाग होऊन येतो आणि आकडे वाचायला त्रास होतो. छापायला बोधचिन्ह देताना व्हॉट्सॅपवर आलेलं चित्र देऊ नये, ते दाबून लहान केलेलं असतं. मूळ व्हेक्टर फाइल द्यावी, ती कितीही मोठी केली तरी फाटत नाही. ती नसेल तर ३०० डीपीआयचा, म्हणजे इंचाला ३०० ठिपक्यांचा, हिशोब धरावा: ३० मिलिमीटर रुंद छापायच्या चिन्हाला किमान ३५४ पिक्सेल लागतात.

बोधचिन्ह कुठे ठेवावं यावर डिझायनर खूप बोलतात, पण फाइलीचा टॅग कोणी लक्षात घेत नाही. आपल्या सरकारी कार्यालयांत पानाच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात भोक पाडून दोरीचा टॅग ओवतात. डाव्या कोपऱ्याला टेकलेल्या चिन्हाला तिथेच भोक पडतं, आणि जाड फाइलीत तो कोपरा उघडतही नाही. खाजगी कार्यालयांत बॉक्स फाइल असते. तिची दोन भोकं एकमेकांपासून ८० मिलिमीटरवर आणि कागदाच्या कडेपासून साधारण १२ मिलिमीटरवर पडतात. म्हणून डावीकडे वरपासून खालपर्यंत २५ ते ३० मिलिमीटर पट्टा पूर्ण मोकळा सोडावा. चिन्ह मध्यभागी किंवा उजवीकडे घ्यावं. वरची छपाई ४० मिलिमीटरच्या आत आणि तळाची १५ च्या आत बसवली की मजकुराला पुरेशी जागा उरते.

ऑफसेटला प्लेटचा खर्च एकदाच असल्यामुळे हजार प्रतींना दर परवडतो. शंभर-दोनशे प्रती डिजिटलवर काढाव्यात. पत्ता, फोन किंवा भागीदार वर्षभरात बदलण्याची शक्यता असेल तर हजाराच्या मोहात पडू नका.

वर्डमध्ये मांडणी

सुरुवातीला एकदाच साचा करून ठेवावा आणि रोज तोच उघडावा. पानाचा आकार ए४ आहे ना ते आधी पाहा. बऱ्याच संगणकांवर अमेरिकन लेटर आकार ठरलेला असतो, तो २१६ बाय २७९ मिलिमीटरचा. त्यात टाइप केलेलं पत्र ए४ वर छापलं की तळाचं गणित चुकतं. समास डावा ३०, उजवा २०, तळ २५, वरचा २५ मिलिमीटर.

पहिल्या पानावर छापील मथळा असतो आणि दुसऱ्यावर नसतो, म्हणून दोन्ही पानांची सुरुवात वेगळ्या उंचीवर हवी. बहुतेक लोक आठ-दहा वेळा एंटर मारून मजकूर खाली ढकलतात. मग वर एक ओळ वाढली की सगळं सरकतं. त्याऐवजी हेडरवर दोनदा क्लिक करा, ‘डिफरंट फर्स्ट पेज’ ला खूण करा, पहिल्या पानाच्या हेडरमध्ये एका रकान्याचं बिनरेषेचं टेबल घाला आणि त्याची उंची ‘एक्झॅक्टली’ ३५ मिलिमीटर ठरवा. हेडर कागदाच्या वरून १२.७ मिलिमीटरवर सुरू होतो, टेबलाखाली वर्ड एक ओळ ठेवतो, त्यामुळे मजकूर साधारण ५२-५३ मिलिमीटरपासून सुरू होईल. ४० मिलिमीटरच्या मथळ्याखाली ही मोकळीक बरोबर वाटते. तुमचा मथळा पट्टीने मोजा आणि आकडा तसा बदला. दुसऱ्या पानाच्या हेडरमध्ये पत्र कोणाला, पत्र क्रमांक, तारीख आणि ‘पान २ / ३’ असं घाला. पानं सुटली तरी दुसरं पान कोणत्या पत्राचं ते कळतं. दुसरं पान लेटरहेडवर छापायचं नाही, त्याच जाडीच्या कोऱ्या कागदावर छापायचं. प्रिंटरला दोन ट्रे असतील तर पेज सेटअपमध्ये पहिलं पान एका ट्रेमधून आणि बाकीची दुसऱ्यामधून असं सांगून ठेवता येतं.

मराठी टाइप करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जुने फॉन्ट, म्हणजे युनिकोड नसलेले, पूर्ण सोडून द्या. तुमच्या संगणकावर नीट दिसणारं पत्र समोरच्याकडे इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतं, आणि त्यातला मजकूर कोणाला शोधताही येत नाही. दुसरी गोष्ट, वर्ड देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’ मानतो आणि तिचा फॉन्ट व आकार वेगळा जपतो. म्हणून वरच्या पट्टीत फॉन्ट बदलूनही मराठी अक्षरं जशीच्या तशी राहतात असं कधीकधी होतं. कंट्रोल-डी दाबा, फॉन्टच्या खिडकीत कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा वेगळा रकाना दिसेल, तिथे आकार १२ करा. इंग्रजी ११ ठेवा. ओळींतलं अंतर ‘एक्झॅक्टली’ ठेवलंत तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार कापले जातात. ‘मल्टिपल’ १.१५ ठेवा. छापण्याआधी ‘दुसऱ्या’, ‘कर्त्यांच्या’ असे शब्द पडद्यावर मोठे करून पाहा. फॉन्ट कच्चा असेल तर तो इथेच उघडा पडतो.

पीडीएफ छापताना ‘फिट’ ऐवजी ‘अ‍ॅक्च्युअल साइझ’ निवडा. ‘फिट’ मध्ये पान थोडं आकसतं आणि छापील मथळ्याशी मेळ बसत नाही.

पत्राचा सांगाडा

क्रम असा: डावीकडे पत्र क्रमांक आणि त्याच ओळीत उजवीकडे तारीख. एक ओळ सोडून ‘प्रति’ आणि समोरच्याचं पद, कार्यालय, गाव, पिन. मग विषय. मग संदर्भ, असेल तर. मग संबोधन, मजकूर, ‘आपला विश्वासू’, संस्थेच्या नावे, सही, नाव, पद. त्याखाली ‘सोबत’ आणि शेवटी ‘प्रत’.

पत्र क्रमांकात तीन तुकडे पुरे: संस्थेचं किंवा विभागाचं लघुरूप, आर्थिक वर्ष, अनुक्रम. उदाहरणार्थ ‘लेखा/२०२६-२७/०१४’. १ एप्रिलला अनुक्रम पुन्हा ००१ पासून. क्रमांक जावक नोंदवहीत आधी लिहायचा आणि मग पत्रावर टाकायचा. याचं कारण फार व्यवहारी आहे: मागाहून जुनी तारीख टाकून पत्र घुसवायचं म्हटलं तर नोंदवहीत जागाच नसते, आणि वाद झाला तर हीच नोंदवही तुमच्या बाजूने बोलते.

तारखेत महिना अक्षरात लिहा. ०३/०४/२०२६ हे इथे ३ एप्रिल वाचतात आणि अमेरिकन हॉटेल साखळीच्या संगणकात ४ मार्च होतं. गोव्यात परदेशी पाहुणे आणि परदेशी कंपन्या यांच्याशी पत्रव्यवहार रोजचा आहे, तेव्हा ‘३ एप्रिल २०२६’ हेच बरं.

भाषेचं म्हणाल तर गोवा राजभाषा कायदा १९८७ प्रमाणे देवनागरी कोंकणी राजभाषा आहे आणि सरकारी कामासाठी मराठीही वापरता येते. मराठीत पत्र लिहायला संकोच नको. मात्र परवाना, बिल आणि खातं यांचे क्रमांक मराठी पत्रातही मूळ दाखल्यावर असतील त्याच अक्षरांत आणि अंकांत टाका. समोरचा माणूस ते संगणकात तसेच शोधणार असतो.

मजकुराकडे येऊ. बहुतेक पत्रं इथेच ढासळतात. एका दुकानदाराला परवान्याचं नूतनीकरण हवं आहे, आणि तो लिहितो:

‘वरील विषयास अनुसरून आपणास विनंतीपूर्वक कळविण्यात येते की, आमचे दुकान गेल्या अनेक वर्षांपासून सुरळीत चालू असून सदर दुकानाच्या परवान्याची मुदत संपत आलेली असल्याकारणाने त्याबाबत योग्य ती कार्यवाही होऊन सहकार्य मिळावे.’

कोणता परवाना, कधी संपतो, किती काळासाठी हवा, यातलं काहीच नाही. अधिकाऱ्याला आता जुनी फाइल काढावी लागेल, म्हणजे पत्र बाजूला पडेल. तेच असं लिहिता येतं:

प्रति,
मुख्याधिकारी,
फोंडा नगरपालिका,
फोंडा, गोवा ४०३ ४०१.

विषय : वरचा बाजार, फोंडा येथील किराणा दुकानाच्या व्यापार परवान्याचे नूतनीकरण (परवाना क्र. ……)

महोदय/महोदया,

वरील परवान्याची मुदत ३१ मार्च २०२६ रोजी संपत आहे. त्याचे १ एप्रिल २०२६ पासून एक वर्षासाठी नूतनीकरण करून मिळावे, ही विनंती.

दुकानाची जागा, मालक आणि व्यवसाय यांत कोणताही बदल झालेला नाही. चालू वर्षाची घरपट्टी भरलेली असून पावतीची प्रत सोबत जोडली आहे.

आपला विश्वासू,

सोबत : १) चालू परवान्याची प्रत (१ पान) २) घरपट्टीच्या पावतीची प्रत (१ पान)

विषयाची ओळ एकटी वाचली तरी काम कळतं. मागणी पहिल्याच परिच्छेदात आहे. बदल झालेला नाही हे आधीच सांगितल्यामुळे तो प्रश्न विचारायला पत्र परत येत नाही. आणि ‘सोबत’ मध्ये पानांची संख्या दिली आहे. फाइलीतून एखादं पान गळलं तर ते तुमच्याकडूनच आलं नव्हतं असं मग कोणाला म्हणता येत नाही. एका पत्रात एकच विषय ठेवा. परवाना आणि गटाराची तक्रार एकाच पत्रात घातली तर ते पत्र एकाच फाइलीत जातं आणि दुसरा विषय मरतो.

‘माननीय’, ‘आदरणीय’, ‘सविनय’ ही सगळी एकाच ओळीत नकोत. पदाआधी एकदा ‘मा.’ पुरतं. आणि ‘स.न.वि.वि.’ ओळखीच्या माणसाला लिहिताना छान, कार्यालयाला लिहिताना नको.

पत्र दोन पानांवर गेलं तर दुसऱ्या पानावर फक्त सही उरता कामा नये. नुसत्या सहीचं पान दुसऱ्या कुठल्याही मजकुराला जोडता येतं. शेवटच्या परिच्छेदाला आणि ‘आपला विश्वासू’ ला वर्डमधलं ‘कीप विथ नेक्स्ट’ लावून ठेवा, निदान दोन ओळी सहीबरोबर जातात. बाकीच्या प्रत्येक पानावर तळाला आद्याक्षरी सही करा.

सही आणि शिक्का

सहीच्या वर संस्थेचं नाव येतं: ‘अमुक प्रायव्हेट लिमिटेड करिता’. खाली नाव आणि पद. कंपनीत संचालक किंवा अधिकृत स्वाक्षरीकर्ता, भागीदारीत भागीदार, मालकीच्या दुकानात मालक. नुसती सही आणि नुसता गोल शिक्का असला की ती सही वैयक्तिक की संस्थेची हा प्रश्न उभा राहतो, आणि बँक तो हमखास विचारते. संचालक मंडळाचा ठराव लेटरहेडवर देताना ‘खरी प्रत’ असा शेरा आणि बैठकीची तारीख लागते. सहीसाठी निळं बॉलपेन वापरा. झेरॉक्समधून मूळ प्रत लगेच ओळखू येते. शिक्का सहीला किंचित स्पर्श करील असा मारा, नाव आणि तारीख झाकली जाऊ नये. पावसाळ्यात शिक्क्याची शाई वाळायला वेळ लागतो. घडी घालण्याआधी तेवढी थांबा, नाहीतर तिचा आरसा वरच्या मजकुरावर उमटतो.

सही करून कोरं लेटरहेड कोणालाही, अगदी आपल्या जुन्या माणसालाही देऊ नये. कार्यालयात नसताना पत्र पाठवायचं असेल तर पीडीएफ मागवा, वाचा, सही करा. छापील गठ्ठे कुलपात ठेवा. बिघडलेली पानं पाठकोरी म्हणून वापरात घेऊ नका. त्यांच्यावर तुमचा मथळा शाबूत असतो आणि खालचा मजकूर कापून नव्याने चिकटवलेली झेरॉक्स खरीच दिसते. फाडून टाका, मथळ्यातून.

घडी, पाकीट, पोच

ए४ च्या तीन समान घड्या ९९ मिलिमीटरच्या होतात. आधी खालचा तिसरा भाग वर, मग वरचा भाग त्यावर. उघडणाऱ्याला मथळा आधी दिसतो. ९ बाय ४ इंचाचं पाकीट एक-दोन पानांना ठीक आहे, पण उंची १०२ मिलिमीटरच असल्याने तीन पानांच्या वर गेलं की घडी चुरगळते. मग १० बाय साडेचारचं घ्या. सोबत दाखले असतील तर घडीच नको. ए४ मावणारं कापडी अस्तराचं पाकीट वापरा.

हाताने दिलेल्या पत्राच्या दोन प्रती न्याव्यात आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही घ्यावी. नुसता शिक्का मारून दिला तर क्रमांक मागून घ्या, पुढची चौकशी त्यावरच होते. टपालाने पाठवताना पत्राच्या माथ्यावर ‘रजि. ए.डी.ने’ (पोचपावतीसह नोंदणी टपालाने) असं अजूनही अनेकांच्या साच्यात छापलेलं आहे. २०२५ मध्ये नोंदणी टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं आहे, तेव्हा तो शेरा बदलून ‘स्पीड पोस्टने’ करा. टपालाची पावती उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असेल तर ती काही महिन्यांत कोरी होते. तिची झेरॉक्स त्याच दिवशी काढा, वेबसाइटवरचा पोचल्याचा तपशील छापून घ्या आणि दोन्ही जावक प्रतीच्या पाठीला स्टेपल करा.

ईमेलने पाठवायचं असेल तर सही केलेलं पत्र ३०० डीपीआयला स्कॅन करून एकच पीडीएफ करा, सोबतची कागदपत्रं त्याच क्रमाने मागे जोडा, आणि फाइलीच्या नावात पत्र क्रमांक व तारीख टाका. मोबाइलने काढलेले चार तिरके फोटो पाठवलेत तर समोरच्या कार्यालयात ते छापून फाइलीला लावायचे कसे, हा प्रश्न पडतो, आणि बहुतेक वेळा ते लावले जातच नाहीत.